बांबूला काय मानवतं?

बांबूच्या फळीचं स्पीकर कॅबिनेट जोडून झालं की सुताराचा पहिला प्रश्न पॉलिशचा असतो. फ्रेंच पॉलिश, मेलामाइन, लॅकर, पीयू, की नुसतं तेल? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "मस्त चकचकीत करून द्या." सागवानी कपाटाला हे उत्तर चालून जातं. बांबूला ते पुष्कळदा दोन-तीन पावसाळ्यांत जड जातं. गाठींच्या आडव्या रेघांवरून थर सुटू लागतो, कडांना पांढुरकी झाक येते, कोपऱ्यावर नख लागलं की पापुद्रा निघतो. आतली फळी धडधाकट असते, जोड घट्ट असतात, आवाजात काडीचा फरक पडलेला नसतो. तरीही खोकं जुनाट दिसू लागतं. मग कुणीतरी त्यावर नवा थर चढवायला निघतं, तेही खालचा थर कशाचा आहे हे न पाहता.

हा घोळ टाळता येतो. त्यासाठी आधी फळीकडे नीट पाहावं लागतं, डब्याकडे नंतर.

बांबू हे गवत आहे, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य पॉलिश करताना पदोपदी आठवतं. झाडाचा बुंधा वर्षागणिक जाड होत जातो. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच. त्याचे धागे उभे धावतात. आडवी गुंतागुंत असते ती फक्त गाठींपाशी. हे धागे सालीकडे दाट आणि आतल्या पोकळीकडे विरळ असतात. सालीवर मेणाचा पातळ लेप आणि सालीच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक. करवतीचं पातं बांबूवर लवकर बोथट होतं ते यामुळे, आणि सालीवर लावलेलं पॉलिश धरत नाही तेही यामुळेच.

कॅबिनेटसाठी जी फळी मिळते तिच्यात ही साल उरलेली नसते. बांबूच्या पट्ट्या काढायच्या, बाहेरची साल आणि आतला मऊ गर रंध्याने उतरवायचा, पट्ट्या उकळून त्यांतला स्टार्च आणि साखर काढून टाकायची, वाळवायच्या आणि डिंक लावून दाबाखाली एकमेकींना चिकटवायच्या. जगभर जाणाऱ्या अशा फळ्यांचा मोठा हिस्सा चीनमधल्या मोसो जातीच्या बांबूचा असतो. पट्ट्या आडव्या निजवल्या तर फळीवर रुंद पट्टे आणि ठळक गाठी दिसतात. उभ्या कडेवर बसवल्या तर बारीक रेघांची शांत वीण दिसते. तिसरा प्रकार धागे चेचून, डिंकात भिजवून, प्रचंड दाबाने घट्ट केलेला. तो सर्वांत कठीण आणि वजनदार.

रंग दोन. एक नैसर्गिक, फिकट पिवळसर. दुसरा तपकिरी, ज्याला बाजारात कार्बनाइज्ड किंवा कॅरमल म्हणतात. तपकिरी रंग वरून दिलेला नसतो. पट्ट्या दाबाखालच्या वाफेत ठेवल्या की त्यांतली उरलीसुरली साखर करपते आणि रंग पार आतपर्यंत उतरतो. त्यामुळे ती फळी कितीही घासली तरी रंग जात नाही. मात्र या वाफेत बांबू थोडा मऊ पडतो, टेबलाची कड लागली की खळगा उमटतो. उन्हात दोघांची गत उलटी होते: फिकट फळी हळूहळू पिवळी पडते, तपकिरी फळी हळूहळू विटते. खिडकीलगत ठेवलेल्या स्पीकरवर कुणी फोटोची चौकट टेकवून ठेवली असेल, तर काही महिन्यांनी तिच्यामागे तिच्याच आकाराचा वेगळ्या रंगाचा चौकोन सापडतो.

म्हणून रंगाचा निर्णय पॉलिशवाल्याकडे नाही, लाकडाच्या वखारीतच घ्यावा. बांबूला वरून रंग देणं अवघड आहे. दाट धागे तो पीत नाहीत, मधला मऊ भाग भराभर पितो, गाठी तर निराळाच हट्ट धरतात. अक्रोडाचा रंग द्यायला जावं आणि हाती गढूळ, डागाळलेली फळी यावी, असं अनेकदा होतं. गडद हवा असेल तर गडद फळीच आणावी.

गोल बांबूची गोष्ट आणखी वेगळी. प्रदर्शनांत बांबूच्या नळीला खाच पाडून तयार केलेले बिनविजेचे मोबाइल स्पीकर असतात. फोन खाचेत उभा करायचा, नळीतली हवा आवाज मोठा करते. या वस्तूंवर साल शाबूत असते आणि तिच्यावरच चकचकीत वॉर्निश फासलेलं असतं. ते वर्षभरात खपल्याखपल्यांनी निघतं. इथे मार्ग दोनच: साल खरवडून काढायची आणि मग पॉलिश करायचं, नाहीतर साल ठेवायची आणि पॉलिशचा नाद सोडायचा. साल हेच बांबूचं स्वतःचं पॉलिश आहे, आणि ते उत्तम आहे.

आपल्याकडे बांबूला वरून काही लावायची रीत होती ती चमकण्यासाठी नव्हती. बुरुडाने विणलेली कणगी शेण-मातीने सारवून घेत, म्हणजे फटी बुजतात आणि धान्याला कीड लवकर लागत नाही. सारवण वाळून तडकलं की पुन्हा सारवायचं, खरवडायची गरज नाही. नवं सारवण जुन्यात मिसळून जातं. चुलीच्या वर माळ्यावर टाकलेल्या वेळूला धूरच राखत असे. जपानमध्ये या धुराचं मोल फार मोठं आहे. गवती छपरांच्या जुन्या घरांत शंभर-दीडशे वर्षं चुलीच्या धुरात राहिलेला बांबू तिथे सुसुदाके म्हणून ओळखला जातो. दोर बांधलेल्या जागी फिकट, बाकी गर्द तपकिरी, असा हा बांबू टोपल्या विणणारे कारागीर आणि चहाविधीची भांडी घडवणारे जपून वापरतात. म्यानमारमध्ये बागानचे कारागीर बांबूच्या विणीवर थित्सी नावाच्या झाडाच्या चिकाचे थरावर थर देतात, प्रत्येक थर वाळवून आणि घासून. बांबू आणि लेप यांचा हा संसार जुना आहे. त्यातून एक गोष्ट उचलण्यासारखी: जे पुन्हा लावता येतं तेच लावलेलं बरं.

आता आवाजाचा प्रश्न, कारण स्पीकरवाल्यांच्या बैठकीत तो निघतोच. पॉलिशने आवाज बदलतो का? व्हायोलिनच्या बाबतीत हा वाद शतकभर चालला. स्त्रादिवारीच्या वाद्यांचं रहस्य त्याच्या वॉर्निशमध्ये दडलंय असं मानणारे पुष्कळ होते. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या पाच स्त्रादिवारी वाद्यांचा अभ्यास ज्याँ-फिलिप एशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सापडलं काय? खाली वाळणाऱ्या तेलाचा एक थर, वर तेल आणि राळेचा एक थर, काही वाद्यांत लालसर रंगद्रव्य. चित्रकारांच्या दुकानात त्या काळी मिळणाऱ्याच वस्तू. आणि तरीही व्हायोलिनची वरची पाटी तीनेक मिलिमीटरची असते, तीच थरथरून बोलते. तिथे लेपाचा थोडाफार परिणाम होऊ शकतो. स्पीकरच्या कॅबिनेटची भिंत अठरा मिलिमीटरची असते आणि तिने बोलू नये हीच अपेक्षा असते. पॉलिशचे सगळे थर मिळून मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरला तरी खूप झालं. भिंतीच्या एकशेऐंशीव्या भागाने आवाज गोड होतो असं कुणी सांगितलं तर त्यावर पैसे खर्च करू नयेत.

भिंतीचा ठणका घालवायचा असेल तर तो आतून घालवावा लागतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर स्पीकर तयार केला, तेव्हा बर्चच्या पातळ प्लायवूडच्या भिंतींना आतून डांबरी गाद्या चिकटवल्या होत्या. आतला आडवा आधार, डांबरी पत्रा, लोकर किंवा फेल्ट, आवाजाची डागडुजी इथे होते. पॉलिशचं काम निराळं: दमट हवेला अडवणं, हाताच्या घामाला अडवणं आणि फळी देखणी ठेवणं. एवढं नीट केलं तरी त्याने आपलं काम चोख केलं.

यातलं हवेचं काम सर्वांत महत्त्वाचं आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडीठाक असते आणि ऑगस्टमध्ये चिंब. बांबू दोन्हींना प्रतिसाद देतो, लांबीत नगण्य, रुंदीत बऱ्यापैकी. बाहेरून पाच थर आणि आतून कोरी फळी अशी अवस्था असेल, तर आतली बाजू पाणी ओढते, बाहेरची ओढत नाही, आणि फळी वाकायला बघते. जोडांवर ताण येतो, वूफरच्या कडेखाली केसाएवढी फट पडते, हवा गळते. खोक्याच्या आत कोण बघणार, हा विचार इथे नडतो. आतून निदान सीलरचे दोन हात हवेतच. पोर्टच्या भोकाची कड, ड्रायव्हर बसतो ती खाच, तळाची बाजू, तारा जातात ते छिद्र, कापलेला प्रत्येक टोकाकडचा भाग बंद झाला पाहिजे. बांबूचे उभे धागे टोकांकडूनच सर्वांत जास्त पाणी पितात.

बांबूतून आवाज काढणारं जगातलं एक सर्वांत मोठं वाद्य या हवेचं महत्त्व सांगायला पुरेसं आहे. फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळ लास पिन्यास इथल्या चर्चमध्ये बांबूचा ऑर्गन आहे. दिएगो सेरा या धर्मगुरूंनी १८१६ साली काम सुरू केलं आणि १८२४ मध्ये ते पुरं झालं. १०३१ नळ्या, त्यांपैकी ९०२ बांबूच्या. बांबू तोडल्यावर त्यांनी तो कितीतरी महिने समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला होता, कीड लागू नये म्हणून. भूकंप आणि वादळं सोसून वाद्य मोडकळीस आलं, तेव्हा १९७३ मध्ये ते जर्मनीतल्या बॉन शहरी योहानेस क्लाइस या कंपनीच्या कारखान्यात दुरुस्तीला गेलं. बॉनची हवा फिलिपाइन्सच्या बांबूला सोसणारी नव्हती. कारखान्याने खास एक खोली तयार करून तिच्यात फिलिपाइन्सचं उष्ण, दमट हवामान निर्माण केलं आणि बांबूचं काम त्या खोलीत केलं. १९७५ मध्ये ऑर्गन परत गेला, आजही वाजतो. आधी बांबूच्या हवेचा विचार, मग दुरुस्ती, हा क्रम त्या कारखान्याने पाळला.

आता डबे उघडायला हरकत नाही.

पीयू कठीण आहे, पाण्याला दाद देत नाही, ओल्या पेल्याचा डाग पडू देत नाही. पण त्याचा नवा थर जुन्यात विरघळत नाही, नुसता वर बसतो. मध्येच खरचटलं तर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही; ठिगळ दिसतंच. लॅकरचा थर थिनरने पुन्हा मऊ होतो म्हणून तो दुरुस्तीला सोपा, पण त्याच्या फवाऱ्याला धूळमुक्त जागा आणि चांगला मास्क लागतो. पाण्यावर आधारलेलं पीयू फिकट बांबूचा रंग सर्वांत कमी बदलतं. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत दोन पातळ, मॅट हात हा योग्य पर्याय आहे. बेल तेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, तपकिरी बांबूवर फार सुंदर दिसतं. फिकट बांबूवर मात्र ते काही वर्षांत पिवळं पडतं, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तर आणखीच. टंग तेल कमी पिवळतं, पण शुद्ध मिळवायला खटपट पडते.

आणि चपडी. स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडी लाख, म्हणजे आपलं फ्रेंच पॉलिश. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ जमवतात, ती वितळवून, ताणून, पापडासारखी पातळ करून फोडली की चपडी होते. झारखंड तिचं मोठं घर, आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही लाख पिकते. स्पीकरवर हीच राळ लावण्यात एक जुनं नातं पुरं होतं. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या याच लाखेच्या असत; लाख, दगडाची बारीक भुकटी, कापसाचे तंतू आणि काजळी. गौहर जानने १९०२ मध्ये कोलकात्यात गायलेली गाणी जर्मनीत हॅनोव्हरला तबकडीत उतरली, पुढे १९०८ मध्ये कोलकात्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला तो लाखेवर कोरलेल्या रेषेतून. ज्या पेटीतून आज तो ऐकायचा, तिच्या अंगावर तीच लाख असावी, हा विचार मनाला भिडणारा आहे.

पण केवळ भावनेपोटी चपडी निवडू नये. तिच्या बाजूने खरा मुद्दा आहे तो दुरुस्तीचा. नव्या हातातलं स्पिरिट जुना थर किंचित विरघळवतं आणि दोन्ही एक होतात. दहा वर्षांनी ओरखडा पडला तरी पुरचुंडी घेऊन बसावं, तेवढाच भाग भरून निघतो. सुती फडक्यात कापसाचा गोळा बांधलेली ही पुरचुंडी बांबूवर फिरताना पाहण्यासारखी असते. पहिल्या एक-दोन हातांत फळी सगळं पिऊन घेते, काहीच दिसत नाही. मग पट्ट्यांच्या डिंकाच्या रेघा आधी चमकतात, त्यानंतर दाट धागे, शेवटी गाठी. पुरचुंडी चिकटायला लागली की कारागीर तिच्या तळाला तेलाचा एक थेंब लावतो आणि आठच्या आकड्यात फिरवत राहतो. मध्ये थांबला तर तिथे चट्टा. पावसाळी दिवशी हे काम काढू नये, स्पिरिट उडताना हवेतली वाफ थरात अडकते आणि पांढरी झाक धरते. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम. भिजवलेली चपडी फार दिवस टिकत नाही. काचेवर थेंब टाकून पाहावा, तो चिकटच राहिला तर ती ओतून द्यावी. तिच्या उणिवाही तेवढ्याच खऱ्या आहेत: गरम ॲम्प्लिफायर वर ठेवला तर ती मऊ पडते, दारूचा थेंब सांडला तर विरघळते. स्पीकरवर पेला ठेवणाऱ्यांच्या घरी पीयूच बरं.

जुन्या कॅबिनेटचं पॉलिश काढायचं असेल तर आधी ते कशाचं आहे ते ओळखावं. तळाच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकावा. मऊ पडलं तर चपडी. नाही पडलं तर लॅकर थिनरचा थेंब. तेव्हा मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू किंवा तसलंच काही, आणि मग घासण्यावाचून गत्यंतर नाही.

घासण्याआधी वूफर आणि ट्वीटर काढून दुसऱ्या खोलीत ठेवावेत. यात हयगय नको. स्टील वूलचे कण ड्रायव्हरच्या चुंबकाकडे धावतात आणि कॉइलच्या अरुंद फटीत जाऊन बसतात. तिथून ते कुणालाही काढता येत नाहीत. थिनरच्या वाफेने कोनाभोवतीची रबरी किंवा फोमची कड आणि तिचा डिंक खराब होऊ शकतो. पॉलिश झाल्यावरही खोक्याच्या आतला वास पूर्ण जाईपर्यंत ड्रायव्हर बसवू नयेत. काचपेपर १२० नंबरपासून सुरू करावा, १८० आणि २२० वर थांबावं. तेल लावायचं असेल तर आणखी गुळगुळीत करण्यात फायदा नाही, फळी तेल पिणंच बंद करते. हात नेहमी धाग्यांच्या दिशेने. बांबूचं कुसळ बोटात गेलं की आठवण राहते, आणि त्याच्या धुळीत सिलिका असते, म्हणून मास्क. शेवटी ओल्या फडक्याने फळी पुसावी, उभे राहिलेले तंतू वाळू द्यावेत, आणि जुन्या झालेल्या २२०च्या कागदाने हलक्या हाताने उतरवावेत.

बारीक भोकं आणि त्यांखाली पिठासारखी भुकटी दिसली तर पॉलिश थांबवावं. ती बांबू पोखरणाऱ्या किड्याची खूण आहे. उकळून केलेल्या फळीत हे क्वचित घडतं, गोल बांबूत वारंवार. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवणं हा त्यावरचा मान्य उपाय, तो पॉलिशच्या आधी व्हायला हवा. वर थर चढवून आतला किडा मरत नाही.

तेलाच्या फडक्यांबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. जवसाचं तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्यात उष्णता निर्माण होते. फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली, ती बाविसाव्या मजल्यावर लाकडाच्या कामानंतर टाकून दिलेल्या अशाच तेलकट फडक्यांमुळे. तीन अग्निशामक जवान त्यात गेले. काम झाल्यावर फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. घरातल्या लहान कामालाही हाच नियम.

२०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा वेळू तोडायला आणि न्यायला पूर्वीची आडकाठी राहिली नाही. सिंधुदुर्गातला माणगा, जो जवळपास भरीव असतो, कुडाळच्या कोनबॅकसारख्या केंद्रांतून फर्निचरमध्ये गेला आहे. पुढे त्याच्या फळ्यांचे स्पीकरही होतील. तेव्हा बांधणाऱ्याला एवढीच विनंती. ड्रायव्हर बसवण्यापूर्वी खोक्याच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा: बांबू कोणता, सीलर कोणतं, वर काय लावलं, किती हात दिले, कोणत्या महिन्यात. वीस वर्षांनी जो कुणी तो स्पीकर उघडेल, त्याला थेंब टाकून पाहावं लागणार नाही.